लाल नेलपॉलिशमधलं नाव

आई,

हे पत्र पोस्टात टाकायची हिंमत मला होणार नाही, म्हणून सगळं खरं लिहिते. आम्ही शिकागो सोडलं. तुझ्या जावयाला, टेरेलला जॉर्जियात, मेकनच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. होय, तुझंच मेकन, 'त्या गावाकडे मी पाय करूनसुद्धा झोपणार नाही' म्हणायचीस ते.

तीन महिने झाले, आणि तुला वाटतंय आम्ही अजून शिकागोतच आहोत. तुझा फोन आला की मी आधी खिडक्या लावते. इथले किडे भर दुपारी असे किर्र ओरडतात, की तू लगेच ओळखशील. इमानीलाही दटावून ठेवलंय, "आजीला शाळेचं नाव सांगायचं नाही."

परवा शेजारच्या म्हाताऱ्या मिस ओडेसा पीचचं गोड घेऊन आल्या. माझा चेहरा निरखत म्हणाल्या, "कुणाची गं तू?"

"आम्ही शिकागोचे."

"शिकागोचं कुणी नसतं, बाळ. आपले सगळे इथूनच तिकडे गेलेत. हे भांडं चर्चच्या स्वयंपाकघरातलं आहे. रिकामं परत करू नकोस हं."

घासायला उलटं केलं, तर तळाला लाल नेलपॉलिशने तुझं नाव. लग्नाआधीचं, तुझ्याच अक्षरात. चाळीस वर्षांत कुणी ते खरवडून काढलं नाही.

आज त्यांनी कुंपणावरून विचारलं, "जिचं भांडं तिला कळवलंस का?"

"अजून घासतेय," मी म्हटलं.

आई, फोन वाजतोय. तुझाच आहे. आणि खिडक्या उघड्या आहेत.

तुझी घाबरट,
रेनेटा