आधी आत जायचं काम

प्रिय कौशल्या,

पंधरा तारखेच्या आत तुझं मन मला कळायला हवं, म्हणून पत्र लिहिते आहे. फोनवर तू "हो ताई, हो ताई" म्हणतेस आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून ठेवून देतेस. पत्र मात्र तू अर्ध्यात सोडणार नाहीस, चौकस आहेस. काय विचारायचं आहे ते सांगतेच, पण आधी बातमी ऐक. तुझी थोरली जाऊ परीक्षा पास झाली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी.

आता मी घरं तपासते. नवीन फ्लॅट ताब्यात घेण्याआधी लोक आमच्या कंपनीला बोलावतात. मग मी जाऊन बघते, भिंतीत ओल आहे का, फरशी पोकळ बसली का, बाथरूमचं पाणी जाळीकडे जातं की दाराकडे. सरकार या कामाचा परवाना देत नाही, हे शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. आमचा परवाना म्हणजे कंपनीची परीक्षा आणि गळ्यातलं कार्ड. कार्डावरच्या फोटोत मी आत्ताच कुणीतरी माझी पर्स पळवल्यासारखी दिसते. चार महिने कोराडीहून बसनं रामदासपेठेत क्लासला गेले. पुस्तक इंग्रजी. मांडीवर शब्दकोश घेऊन वाचलं, आजवर सगळं वाचलं तसंच. वर्गात बाकी सगळे डिप्लोमावाले. पहिल्या दिवशी प्रीतमनं मला विचारलं, "काकू, चाय केव्हा आणून राहिल्या?" आता तो माझ्याच जोडीला काम करतो आणि चहा तोच आणतो.

खरं सांगू, अर्धं तर मला आधीच येत होतं. कोराडीच्या कॉलनीतल्या क्वार्टरांची दुरुस्ती बत्तीस वर्षं ह्यांच्याकडे होती, आणि जेवताना दुसरा विषय नसे. वरण वाढता वाढता मी ओल कुठून चढते ते शिकले. "ठोकून पाह्य वं, फरशी सोताच सांगते," म्हणायचे. आता मी ठोकते आणि ती सांगते. घरी येऊन सांगायला कोणी नसतं. जेवण लवकर आटोपतं.

पहिलं काम आलं ते हिंगणा रोडच्या एका फ्लॅट स्कीममधलं. बिल्डरच्या माणसानं कुलूप काढलं आणि तो बाजूला झाला. घर घेणारे नवरा-बायको आणि नवऱ्याची म्हातारी आई रुखमाबाई दाराबाहेर उभे राहिले. मीही उभी राहिले. चांगली पाच मिनिटं गेली. घरच्या सुनेनं आधी पाऊल टाकावं म्हणून मी थांबले होते, आणि तपासणीवाल्या मॅडम आत जातील म्हणून ते थांबले होते. बिल्डरचा माणूस एकदा माझ्याकडे बघे, एकदा त्यांच्याकडे. शेवटी रुखमाबाईच म्हणाल्या, "जा न वं माय अंदर! तुयासाठीच त थांबून राहिलो आमी. पाय दुखून राहिले माहे." मी गेले. त्या घरात फरशीच्या सतरा जागा पोकळ निघाल्या, पण पहिल्या खोलीत माझं लक्षच नव्हतं. ती पुन्हा तपासावी लागली.

मी का थांबले ते तुला ठाऊक आहे. बेसा भागातल्या तुमच्या नव्या घराचा गृहप्रवेश होता, आणि ह्यांना जाऊन आठ महिने झाले होते. विधवेचं पाऊल आधी पडू नये म्हणून तू दारात हळूच म्हणालीस, "ताई, कलश अंदर जाऊ द्या, मंग या." रागानं नाही म्हणालीस, तुझा हात माझ्या पाठीवर होता. मी मंडपात आचाऱ्याजवळ बसून भज्यांचे कांदे चिरले. कांद्यांनी माझी चांगली सोय केली. मग आत आले, जेवले, तुझ्या ओट्याचं कौतुकही केलं. तेव्हापासून आपण दोघी फार गोड बोलतो. आधी भांडायचो. मला ते भांडणंच बरं वाटायचं.

आता विचारायचं ते. रितिकानं घेतलेल्या फ्लॅटची तपासणी पंधरा तारखेला, रविवारी सकाळी दहाला आहे. तुझ्या या लेकीनंच आमच्या ऑफिसला फोन करून सांगितलं, "माझ्या मोठ्या आईलेच पाठवा." वरून मला म्हणते, आईले नको सांगू, ते टेन्शन घेते. पण चोरून मी जाणार नाही. त्या घरात कलशाच्या आधी, तुझ्या आधी, रितिकाच्याही आधी मी पाऊल टाकणार, कारण कामच तसं आहे. तुला पटत नसेल तर त्याआधी स्पष्ट कळव, प्रीतम जाईल, तो चांगलं बघतो. मला राग येईल, तो मी लपवणार नाही, आणि मग गृहप्रवेशालाही माझी वाट बघू नकोस. पटत असेल तर फोन करू नकोस, रविवारी दहाला सरळ फ्लॅटवर ये. बाथरूमचा उतार बघायला दोन बादल्या पाणी ओतावं लागतं. एकीनं ओतायचं आणि दुसरीनं जाळीपाशी उकिडवं बसून बघायचं. माझे गुडघे आता तेवढे वाकत नाहीत. जुनी साडी नेसून ये.

तुझीच, भांडायला मोकळी असलेली
गोपिका