अण्णांचे बत्तीस दात

ती. सौ. रखमाताईस,

मी, दीपक शांताराम कांदळगावकर, बी.कॉम., वय चौपन्न, कै. अण्णांचा सख्खा धाकटा भाऊ व तुझा मावसभाऊ, हे पत्र केवळ तुझ्या गुडघ्याची विचारपूस करण्यासाठी लिहीत आहे. शस्त्रक्रियेनंतर तू माटुंग्याच्या बाजारापर्यंत चालत जातेस असे कळले, समाधान वाटले. (जिने मात्र टाळावेत.) गुडघ्यामुळे तुला अण्णांच्या तेराव्याला येता आले नाही, ते बरेच झाले.

अण्णा आजारी पडण्यापूर्वी मी नवा फोन घेतला. जुना, त्यातले फोटो नव्यात उतरवून व सर्व पुसून, दुकानदारास परत दिला. हल्लीच्या फोनमध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता असते व ती फोटो सुधारते. पहिल्याच दिवशी फोनने विचारले, सर्व फोटो सुधारू का? मूळ प्रती काढून जागा वाचवू का? काम अर्धवट ठेवणे मला जमत नाही, हे तू जाणतेस. मी दोन्हींस होकार दिला. (अटी संपूर्ण वाचल्या होत्या. त्या वाचणारा आमच्या इमारतीत मी एकटाच असेन.)

पुढे अण्णा गेले. हार घालण्यास फोटो हवा होता. वहिनींची अल्बमांची पेटी नायगावची चाळ रिकामी करताना गहाळ झालेली, त्यामुळे सारी भिस्त माझ्या फोनवर. मी त्यातला एक लालबागच्या फोटोवाल्यास धाडला. (पडद्यावर तो नखाएवढा दिसतो, आणि डोळ्यांत पाणी असताना माणूस बारकाईने पाहत नाही.) तेराव्याला चौकट पाटावर ठेवून कागद सोडला. वहिनींनी पदराने काच पुसली. मग म्हणाल्या, "भावजी, ह्यो खयचो बाप्यो?"

गिरणीत मागावरून उडालेल्या धोट्याने अण्णांच्या भुवईवर पडलेली खाच भरून निघाली होती. मिचमिचा डावा डोळा उजव्याहून मोठा झाला होता. पुढचे तीन दात कधीच पडलेले. तिथे आता बत्तीसच्या बत्तीस हसत होते. चाळीतले जुने शेजारी कोंडीराम यांनी उदबत्ती लावली, हात जोडले व मला हळूच विचारले, "वहिनींचे भाऊ काय हो? ते कधी गेले?" हेच अण्णा, असे सांगितल्यावर म्हणाले, "काय सांगता! आजारपणात एवढे सुधारले होते?"

गुरुजींनी विधी पुरा केला. नैवेद्य त्या परक्या गृहस्थास दाखवण्यात आला.

दुसऱ्या दिवशी मी फोनच्या सेवाकेंद्रात गेलो. तेथील बाई म्हणाल्या, "सर, पण आधीपेक्षा क्लिअर आलाय ना?" मी जुने फोटो मागितले. मूळ प्रती परत मिळत नाहीत. फोनमधल्या एकाही फोटोत आता माझा भाऊ नाही. आणि ताई, डोळे मिटले तरी हल्ली मला त्या चौकटीतलाच चेहरा आधी दिसतो.

असो. गुडघ्यास शेक चालू ठेवावा.

ता. क. : तुझ्या साखरपुड्यात अण्णा पंगतीत बसलेले, तोंडात घास, एक डोळा जवळजवळ मिटलेला, असा एक कागदी फोटो होता. वाईट आला म्हणून तू तो अल्बमात लावला नव्हतास. तो टाकला नसशील तर मला हवा आहे. मी स्वतः नेण्यास येईन. कृपया फोनवर त्याचा फोटो काढून पाठवू नये.

आणखी एक : यातले वहिनींना काही कळवू नये. काल मी चौकट उतरवण्यास गेलो, तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "ऱ्हवांदे, भावजी. ह्यो माज्याकडे बगून हसता तरी."

दीपक शां. कांदळगावकर
चिंचपोकळी, मुंबई
दि. २२ फेब्रुवारी २०२६