आरसा मीच सरळ केला

॥ श्री ॥

सक्करदरा, नागपूर
रविवार, ता. १९ सप्टेंबर १९४३

प्रिय रुपराव यास श्रावणचा रामराम, विनंती विशेष.

तुझं कार्ड मंगळवारी मिळालं. जबलपूर मानवलं, रेल्वेच्या माल ऑफिसात खिडकीजवळची खुर्ची मिळाली, खोलीवरचा बंगाली सोबती रोज मासे तळतो आणि तुला वासाने झोप येत नाही, हे सगळं वाचलं. इकडे आई बरी आहे. तुझी आईही बरी आहे. परवा विहिरीवर भेटली तेव्हा तू वाळलास की काय म्हणून विचारत होती. मी म्हटलं, तो कशाला वाळतो. पाऊस पुरे झाला. सूत मात्र मिळत नाही, लढाई सगळं सूत गिळते आहे, त्यामुळे आठवड्यातले तीन दिवस माग नुसता उभा असतो. माझी उमरेडची सोयरीक मोडली. त्याचं पुढे लिहितो, किंवा नाही लिहीत, बघू.

मोटार चालू आहे. म्हणजे आपण ज्याला चालू म्हणतो तशी चालू आहे, पेट्रोलने नव्हे.

तुझ्या त्या बंगाल्याला तू आपल्या मोटारीचं सांगितलंस का? सांगून बघ, त्याला खरं वाटणार नाही. मागच्या वर्षी ऑगस्टातल्या धामधुमीनंतर आखाड्याला सरकारी कुलूप पडलं, लाठी नाही, कवायत नाही, चार जण मिळून बैठका मारायच्या तरी चोरून. आपण सगळे भाकरी खाऊन कोपऱ्यात बसलेलो. आणि तिकडे मधुकरराव वकिलांची मोटार पेट्रोलवाचून अंगणात उभी. उभ्या उभ्या टायर बसतील आणि चाकं जाम होतील म्हणून वकील हळहळत होते, तेव्हा आखाड्याच्या देवराव उस्तादांनीच युक्ती काढली. बंद पडलेली मोटार ढकलणं कोणत्या कायद्यात गुन्हा आहे, असं त्यांनी वकिलांनाच विचारलं. वकील हसत सुटले. दुसऱ्या दिवसापासून उस्तादांसकट आपण सात जण, सहा मागे आणि तू पुढे, वकिलांच्या फाटकापासून सक्करदऱ्याच्या तलावाची पाळ चढायची आणि परत यायचं. पहिल्या आठवड्यात नाक्यावरच्या शिपायाला आपली दया आली आणि त्यानेही खांदा लावला, ते आठवतं ना? दंड-बैठकांनी जे झालं नव्हतं ते त्या चढाने चार महिन्यांत केलं. माझे दंड बघून आई म्हणायची, आता तुझ्या सदऱ्याला दोन हात जास्तीचं कापड लागतं.

तू स्टेअरिंगवर का, तर आपल्यात तूच एकटा वकिलांच्या घरी कारकुनी करायला जात होतास आणि त्यांच्या ड्रायव्हरकडून थोडं शिकला होतास. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. गाडी ढकलणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही. मान खाली, डोळ्यांसमोर आपलेच पाय आणि रस्ता. पुढे बसलेला एकटाच रस्ता बघतो, आणि मागे कोण जोर लावतं, कोण नुसता हात टेकवतो, हे आरशात बघतो. तू ओरडायचास, "अनंता, तू मोटारीले मालिश करून राहिला का?" आणि सगळे हसायचे.

हे सगळं मी का लिहीत बसलो आहे, हे तुला कळलंच असेल. तुझ्या कार्डावर शेवटी दोन ओळी आहेत. "देवरावजींनी तुला माफ केल्याचे कळले, बरे झाले. झाले गेले विसरून जावे." या ओळी मी मागावर बसून वाचल्या, जेवायच्या आधी वाचल्या, जेवण झाल्यावर वाचल्या. बरे झाले! कोणाचं बरं झालं रे?

माफीचा सोहळा कसा झाला तो तुला कोणी सांगितला नसेल, मी सांगतो. पोळ्याच्या दिवशी उस्तादांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. कुबडी भिंतीला टेकवून ठेवली होती. मोडलेला पाय आता हलतो, पण गुडघ्याखाली जोर नाही. मागाच्या पायट्या दाबता येत नाहीत, तेव्हा माग वच्छलाकाकू चालवतात आणि ते शेजारी बसून सुताच्या कांड्या भरतात. त्या पायाकडे बघून मी उभा होतो. उस्ताद सगळ्यांदेखत म्हणाले की घामाने हात सुटला असेल पोराचा, मी मनात काही ठेवलं नाही, तुम्हीही ठेवू नका. सगळ्यांनी मान डोलावली. अनंताने तर माझ्या पाठीवर हात ठेवला. मी खाली वाकून उस्तादांच्या पाया पडलो. न केलेल्या गुन्ह्याची माफी घेताना कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. त्यापेक्षा चार जोडे मारले असते तर मी हूं का चूं केलं नसतं.

दुसऱ्या दिवशीपासून मला मोटारीवर परत घेतलं. पण मागे नाही. ज्याने हात सोडला त्याच्या भरवशावर चढावर कोण जाईल? मला तुझ्या जागेवर बसवलं. रुपराव, सहा जणांत सगळ्यात जास्त जोर माझा, हे तूच सांगत फिरायचास, आणि मी आता जावयासारखा गादीवर बसतो.

आता त्या दिवसाचं लिहितो. तुझ्या-माझ्यात त्यावर कधी बोलणं झालं नाही. तू पंधरा दिवसांत गेलास आणि मीही तुला स्टेशनवर पोचवायला आलो, पेढा खाल्ला, आणि काही बोललो नाही.

वैशाखातला तो दिवस. पाळीच्या चढावर मोटार पोचली की तू ब्रेक दाबून धरायचा, आम्ही खांदा द्यायचा, आणि उस्तादांनी मागच्या चाकाला दगड लावायचा. उस्ताद "सोडा" म्हणेपर्यंत कोणी हलायचं नाही, तूही नाही. ही आपली पद्धत, आणि ती त्यांनीच घातलेली. त्या दिवशी उस्ताद दगड घेऊन उजव्या चाकाशी वाकले. मी उजव्या कोपऱ्याला, त्यांच्या डोक्यावरच. आणि मोटार एकदम मागे आली. हळू नाही आली, रुपराव. ब्रेक नसलेली मोटार जशी येते तशी आली. सगळ्यांचे पाय घसरले. माझेही घसरले, पण हात होते. उस्ताद किंचाळले तेव्हाही हात होते. मग मला कळलं की आम्ही पाचच्या पाच जण मेलो तरी ही थांबणार नाही, पुढे जाऊन हातब्रेकचा दांडा ओढल्याशिवाय थांबणार नाही. तेव्हा मी हात सोडला, धावलो, पायरीवर चढलो आणि दांडा ओढला. बाकीच्यांनी माना वर केल्या तेव्हा माझी जागा रिकामी होती. त्यांना तेवढंच दिसलं, पुढे दांडा कोणी ओढला ते नाही.

आत मला काय दिसलं ते तुला माहीत आहे. तुझे दोन्ही पाय आखडून सीटवर होते. आरसा तुझ्या तोंडाकडे वळवलेला होता आणि कंगवा तुझ्या मांडीवर होता. त्या दिवशी नऊ वाजता वकील तुला चारित्र्याचा दाखला देणार होते, रेल्वेच्या साहेबाकडे घेऊन जाणार होते, आणि तू भांग पाडत होतास. उस्तादांचा पाय चाकाखाली आणि तुझा भांग अर्धा पडलेला.

तुझं तोंड पांढरं पडलं होतं. मला वाटलं, वकिलांनी हे बघितलं तर याचा दाखला गेला, नोकरी गेली, आणि याची आई पुन्हा लोकांच्या घरी दळायला जाईल. लहानपणापासून आपण एका ताटात जेवलो. मी विचार केला नाही. कंगवा माझ्या खिशात टाकला आणि आरसा मीच सरळ केला.

तोच आरसा बघून तू तासाभराने वकिलांना म्हणालास, मी ब्रेक दाबून धरला होता, पण तो एकटा त्या चढावर पुरत नाही. श्रावणने हात सोडला, मी आरशात बघितलं. वकिलांनी जाऊन आरसा बघितला. आरसा सरळ. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तुझ्याकडे बघितलं. तू खाली बघत होतास.

त्या वेळी मी का बोललो नाही, असं तू मनात म्हणत असशील. मला वाटलं, घाबरला आहे, संध्याकाळपर्यंत स्वतःच सांगेल. मग वाटलं, दाखला हातात पडला की सांगेल. मग वाटलं, जाण्याच्या आधी सांगेल. स्टेशनवर गाडी हलली तेव्हासुद्धा तू खिडकीतून हात हलवत होतास आणि मी धावत होतो, म्हटलं आता सांगेल. तू म्हणालास, "आईकडे लक्ष ठेवजो गा."

ठेवतो आहे. पाणी भरून देतो.

उमरेडचं आता लिहितोच. मुलीच्या वडिलांनी, नत्थूजींनी, श्रावणातच निरोप पाठवला. विणकर माणसांत बातमी पोचायला तार लागत नाही, उमरेडहून रोज कोणी ना कोणी लुगडी घेऊन येतं. निरोप असा की मुलगा कष्टाळू आहे, पण वेळेला हात सोडणाऱ्याच्या घरी मुलगी कशी द्यावी. मुलीचं नाव पुष्पलता. मी तिला एकदाच बघितलं होतं, तिने पाणी आणून दिलं होतं. एवढंच. आई तीन दिवस जेवली नाही. मी आईलाही खरं सांगितलं नाही, कारण तिला सांगितलं असतं तर ती तुझ्या आईच्या दारात जाऊन उभी राहिली असती.

आज सकाळी मात्र माझ्याने राहवलं नाही. तुझं कार्ड खिशात घालून उस्तादांकडे गेलो. वच्छलाकाकू दारातच म्हणाल्या, "तू काहून आला गा?" मी आत जाऊन बसलो आणि सगळं सांगून टाकलं, पाय, भांग, कंगवा, आरसा. मला वाटलं होतं उस्ताद चिडतील, कुबडी फेकतील, किंवा मला खोटारडा म्हणतील. ते कांडी भरत राहिले. चरखा थांबवला नाही. मग म्हणाले,

"मले मालूम आहे, श्रावण. तुहा हात माह्या कानापाशीच होता. मी वरडलो तवाही होता."

मी म्हटलं, "मंग तुम्ही बोलले काहून नाही?"

"त्याची नोकरी जाऊन राहिली होती बाप्पा. बिनाबापाचं पोरगं. तुह्यं काय जाऊन राहिलं होतं?"

त्यांनीच पुढे सांगितलं की मी शरीराने, मनाने मजबूत, मला पेलेल असं वाटलं, म्हणून माझ्यावर ठेवलं. तुझी नोकरी पक्की झाली की ते स्वतःच सगळ्यांना सांगणार होते, तोवर मी थांबावं. उमरेडचं त्यांना ठाऊक होतं. मुलगी काय, दुसरी मिळेल, असं म्हणाले.

मी उठलो. पाया पडलो नाही. आज पहिल्यांदा.

रुपराव, तुझा राग येतो, पण तू निदान घाबरून खोटं बोललास. माणूस घाबरतो. उस्ताद घाबरले नव्हते. त्यांनी थंड डोक्याने तोललं, एका पारड्यात तू, दुसऱ्यात मी, आणि माझं पारडं हलकं ठरवलं, कारण मी सोसतो. लहानपणापासून ज्यांच्या शब्दावर मी बैठका मारल्या, ज्यांच्यासाठी त्या दिवशी हात सोडायला माझा जीव होत नव्हता, त्यांनी अंगणात सगळ्यांदेखत मला माफ केलं, आणि त्यांना माहीत होतं. तुम्ही दोघांनी मिळून केलं हे, एकमेकांशी एक शब्द न बोलता. याचं मला जेवढं वाईट वाटलं तेवढं वडील गेले तेव्हाही वाटलं नव्हतं. लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

आज मोटार गेली नाही. सगळे फाटकाशी उभे राहिले, मी गेलोच नाही. अनंता बोलवायला आला, त्याला अंग मोडून आल्याचं सांगितलं.

तर आता कामाचं. दसरा तीन आठवड्यांवर आहे. सोनं द्यायला सगळे उस्तादांच्या अंगणात जमतात, वकीलही येतात. सुट्टी काढ आणि ये. सगळ्यांसमोर तू तुझ्या तोंडाने सांग. तू बोललास तर मी तुझ्या बाजूला उभा राहीन, आणि तुझ्या नोकरीसाठी वकिलांच्या पायावर डोकं ठेवायचं असेल तर ते मी ठेवीन, तू नको. एवढं माझ्यात अजून शिल्लक आहे.

नाही आलास तर मी एकटा बोलेन. कोणी मानणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून मी तुझं नाव घेणारच नाही आधी. मी उस्तादांनाच विचारणार, चार माणसांत, की तुम्ही ओरडलात तेव्हा माझा हात कुठे होता. मग त्यांना तुझ्यामाझ्यातल्या एकाला सोडावं लागेल. या वेळी कोणाला सोडतात ते मला सगळ्यांबरोबर उभं राहून बघायचं आहे.

तुझ्या आईला पत्राचं सांगितलेलं नाही. उद्या पाणी भरून देईनच.

कळावे. लोभाचं दसऱ्यानंतर बघू.

श्रावण