माझ्या नावाचं रडणं

३ एप्रिल, अमरावती
आले एकदाची! कुठल्याच कॉलेजात नोकरी नसलेल्या संशोधकांसाठी विद्यापीठात सहा महिन्यांची अभ्यागत जागा असते. यंदा ती अकोल्याच्या एका वकिलाच्या बायकोला, म्हणजे मला मिळाली. खोलीला खिडकी आहे, कूलर आहे, दारावर माझ्या नावाची पाटीसुद्धा आहे. पाटीचा फोटो पाठवला, तर आमच्या वकीलसाहेबांनी नुसता अंगठा पाठवला. श्रावणी मात्र फोनवर नाचलीच. परीक्षा संपली की आईच्या ऑफिसात येऊन बसणार म्हणे. वऱ्हाडातल्या बाया मयतावर हेल काढून रडतात, त्या रडण्यातले बोल मी गोळा करणार आहे. विषय ऐकून कँटीनवाल्याने चहा जरा लांबूनच ठेवला.

११ एप्रिल, हिवरखेड
पार्बताबाईंसारखं रडणारं तेल्हारा तालुक्यात कोणी नाही, असं सगळेच सांगत होते. ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. मयत नसताना रडायचं नसतं, म्हणाल्या. मीही हटून बसले. सहा महिन्यांत काम दाखवायचंय, रिकाम्या हाताने कशी जाऊ?

शेवटी म्हणाल्या, "नावाबिगर बोल फुटत नाही मले. कोनाच्या नावानं रडू, थे सांग."

दुसऱ्या कोणाचं नाव घ्यायला जीभ धजेना. हसून म्हटलं, माझंच घ्या, रमा. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग तोंडावर पदर ओढला. अशा रडल्या की माझे मलाच डोळे पुसावे लागले. रेकॉर्डिंग झकास झालंय. रडणं संपल्यावर त्या मयताहून आल्यासारख्या आंघोळीला निघून गेल्या.

१६ एप्रिल, अमरावती
पारा चव्वेचाळीसवर. विभागातले सगळे कूलरला चिकटलेत आणि मला गरमच होत नाही. दुपारी गच्चीवर अनवाणी उभी राहिले. तळवे लाल झाले, पण भाजल्याचं कळलं नाही. भूकही नाही. बरंच आहे म्हणा, काम उरकतंय.

१९ एप्रिल
कँटीनवाल्याने शेजारच्या दोघांना चहा दिला, मला नाही. हाक मारली, वळला नाही. दारावरची पाटी काढलीय. राग यायला हवा होता.

२२ एप्रिल, हिवरखेड
कंडक्टरने तिकीट विचारलं नाही. पार्बताबाईंना मात्र मी दिसले. म्हटलं, ते रडणं मागे घ्या, घरी लेक आहे माझी.

"रडनं मांगं घेता येत नाही, बाई. म्या तं इचारलं होतं तुले."

मग पाठ करून बसल्या. घाबरायला हवं — नाही घाबरले —

२३ एप्रिल, अकोला
घरात माणसं. सतरंजी. मधोमध मला निजवलंय. हे भिंतीला टेकून — माझ्याकडे पाहिलंही नाही —

श्रावणी उशाशी. बायका सांगताहेत, रडून घे पोरी. ती रडत नाही. मी वही काढली — सवय —

आता रडली. नुसतं आई. पुन्हा आई. बोल नाहीत यात. नोंदवण्यासारखं काही —

पोटची पोर रडतेय आणि मला काहीच —

परत आई म्हणाली. ओ द्यायला तोंड उघडलं आणि