रेवतीच्या मलय परीक्षेचा अर्ज

गुरुवार, संध्याकाळ

मलय भाषेच्या परीक्षेला नावं पाठवायचा आज शेवटचा दिवस, आणि दुपारपर्यंत मी माझ्या वर्गातल्या रेवतीचा अर्ज अडवून ठेवला होता. सोलापुरात मलय शिकवणारं कुणी नाही. वडील मलेशियात कारखान्यात होते, सातवीपर्यंत ती तिकडेच वाढली, हे खरं. पण तोंडी परीक्षेची तयारी कोण करून घेणार? "आई घेते," म्हणाली. मला पटेना. वळसंगला शेतात राबणारी, शाळेत आली की खुर्चीवरही न बसणारी तिची आई?

शेवटी दोघींना बोलावलं आणि माझ्यासमोर बोलायला लावलं. मला एक शब्द कळला नाही. पण ती बाई! हसत, हातवारे करत, कुठंही न अडखळता बोलत होती. मध्येच तिनं लेकीला थांबवलं. "असं न्हाय म्हणायचं. तितं मोट्या माणसाला असं बोललं की उद्धट वाटतंय."

कुठं शिकलात, विचारलं. "तितल्या बाजारात की. भाजी घेता घेता."

भाजी घेता घेता! आणि मी हिच्यावर शंका घेत होते.

लगेच रेवतीचा अर्ज पाठवायला घेतला, तर तिची आई हळूच म्हणाली, "मॅडम, मला बी परीक्षेला बसता येतंय का?"

मी हसले. का हसले मी? लाज वाटली. नियम काढून नीट वाचले. बाहेरून बसणाऱ्यांना वयाची अट कुठंच नव्हती.

"पण लेखी पेपरचं काय?" मी विचारलं.

"लिवाय ही शिकवंल की," ती लेकीकडे बघून म्हणाली. रेवतीनं मान हलवली.

पाच वाजता मी दोन नावं पाठवली.