शेवटी काही म्हणाले का?

२१ जुलै २०२५, सांगली

प्रांजलला नापास केलं!

आज वाईट बातमी सांगायचा सराव होता. पलंगावर रबरी पेशंट — वारलेला. खुर्चीत आमच्या वॉर्डातल्या आया पद्माताई, त्याची बायको म्हणून. प्रांजलनं छान सांगितलं. मग पद्माताईंनी नेहमीचा प्रश्न टाकला, ‘आवं डॉक्टर, शेवटाला काय बोलले का?’

‘तुमचं नाव घेतलं,’ प्रांजल म्हणाली.

अख्खा वर्ग डोळे पुसायला लागला. मी उठलेच. तू तिथं होतीस का? मग मनानं कशाला सांगतेस?

‘मॅडम, त्यांना बरं वाटलं असतं...’

माझं डोकंच फिरलं. जे माहीत नाही ते सांगायचं नाही म्हणजे नाही!

२३ जुलै

‘मुबश्शिरा मॅडम, लय कडक वागला पोरीशी,’ असं पद्माताई जाताना म्हणाल्या होत्या. वागले. हा तास मी कशासाठी सुरू केला ते माझं मला माहीत.

एकवीसच्या एप्रिलमध्ये मी इथं कोविड वॉर्डात, दोन्ही डोस घेऊन. अश्फाक साताऱ्यात, मोटार रिवायंडिंगच्या दुकानात. लस पंचेचाळीसच्या पुढच्यांनाच, आणि हा चव्वेचाळीसचा. फोनवर हसायचा — ‘सरकारनंच सांगितलंय, तुझा नवरा अजून तरणा हाय!’

मग तो ॲडमिट झाला. मला ड्यूटी सोडून जाता येईना. आणि एका सकाळी तिथून फोन.

‘चौदा नंबरचं सामान घेऊन जावा.’

पेशंट कसा आहे, मी विचारलं.

‘म्हंजे... तुमाला सांगितलं न्हाई व्हय कुणी?’

बस्स. एवढंच. शेजारी बसून मला कुणी काही सांगितलंच नाही. अजून वाटतं, कुणीतरी यावं, बसावं आणि नीट सांगावं.

२५ जुलै

त्याचा चष्मा अजून दवाखान्यातून आणलेल्या त्या सामानाच्या पिशवीत. काचेवर बोटांचे डाग आहेत. पुसवत नाही.

२९ जुलै

नागपंचमी. पद्माताई शिराळ्याला माहेरी. प्रांजलची फेरपरीक्षा लांबवायची कशाला? म्हटलं, खुर्चीत मीच बसते.

प्रांजल आली. स्टूल ओढून समोर बसली. ‘ताई, आत तुमचं कोण आहे?’

परीक्षेच्या कागदावर पेशंटचं नाव होतं तानाजीराव. माझ्या तोंडून आलं — अश्फाक!

तिनं हातातला कागद उलटा ठेवला.

‘ताई, अश्फाकभाई वारले. आम्ही खूप प्रयत्न केले.’

मग तिथंच बसून राहिली. घाई नाही, उठायची गडबड नाही. मी रडले. विद्यार्थ्यांसमोर! किती हवं होतं हे मला.

आणि मग मी विचारलं, ‘शेवटी काही म्हणाला का?’

प्रांजलनं माझ्याकडे बघितलं. तिचेही डोळे भरले होते.

‘मला माहीत नाही, ताई. मी तिथं नव्हते.’

३० जुलै

प्रांजल पास. पैकीच्या पैकी गुण दिले. मी शिकवलं तेच बोलली.

खोटं बोलायचंस गं पोरी! एकदाच.