तुझ्या चालीने

सौ.स सप्रेम नमस्कार, आणि तुझ्या डाव्या गुडघ्यालाही.

इथे येऊन चार महिने झाले, मी ठणठणीत आहे. एकही खाडा नाही, कारखान्यात माझ्या लेथ मशीनला दुसरं कुणी हात लावत नाही, यातच काय ते समज.

‘हा गुडघा घेऊन तिकडे येऊन काय करू,’ असं तू लिहिलंस. म्हणून रविवारी माझी नेहमीची फिरायची वाट नीट तपासून आलो. गाडीने चाळीस मिनिटं. स्टेशनला जिना नाही, उतार आहे. पुढे नदीकाठचा रस्ता, मग पूल, आणि पलीकडे थेट रान. वाटेत अकरा बाकं आहेत. प्रत्येकावर बसून पाहिलं. सातवं डुगडुगतं, तिथे बसायचं नाही. बाकी सगळी छान आहेत, फक्त शेजारची जागा रिकामी राहते.

एरवी मी स्टेशनपासूनची ही वाट पाऊण तासात उरकतो. या वेळी तुझ्या चालीने चाललो, डावा पाय न वाकवता. एका आजीबाईंनी मला हाताला धरून पुलापलीकडे नेलं. खरं सांगायची लाज वाटली, मुकाट्याने गेलो.

डॉक्टर काय म्हणाले ते खरं लिही. ‘बरं आहे’ एवढ्यावर भागवू नकोस. सूनबाईला तुझं तिकीट काढायला सांग.

तुझ्या चालीने त्या वाटेला दोन तास लागले. पण रानात वाटेला लागूनच एक झरा आहे, हे मला परवा कळलं. चार महिने मी त्याच्या शेजारून जात होतो. आणि एकतीस वर्षं तुझ्या दहा पावलं पुढे.

तुझा,
आता बरोबरीने चालणारा